न दिसण्याचा हिशेब : स्वदेशी स्टेल्थ विमानापुढची आकडेमोड

पुण्यातल्या लोहगावच्या हवाई तळावर एक रडार आहे असं धरून चालू. नेहमीच्या घडणीचं एक लढाऊ विमान पश्चिमेकडून, खूप उंचावरून येतंय आणि ते या रडारला २२० किलोमीटरवर दिसतंय, असंही मानू. म्हणजे विमान अजून अरबी समुद्रावरच आहे. ताशी १,००० किलोमीटर वेगाने त्याला लोहगावला पोहोचायला सुमारे १३ मिनिटं लागतील. आता त्याच विमानाची रडारवर उमटणारी खूण २५६ पटींनी कमी केली, तर ते समुद्रावर दिसणार नाही, किनारा ओलांडताना दिसणार नाही, रायगड जिल्ह्यावरून येतानाही दिसणार नाही. ते पहिल्यांदा दिसेल ५५ किलोमीटरवर, म्हणजे साधारण मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीच्या डोक्यावर. तिथून लोहगाव अवघ्या ३ मिनिटं १८ सेकंदांवर आहे.

स्टेल्थ तंत्रज्ञानाचं सगळं मोल या मधल्या दहा मिनिटांत आहे. विमान अदृश्य होत नाही, ते उशिरा दिसतं. तेवढ्या उशिरामुळे समोरच्याला आपली विमानं उडवायला, क्षेपणास्त्रं सज्ज करायला वेळ उरत नाही. म्हणूनच अमेरिका, चीन आणि रशिया यांनी त्यासाठी कित्येक दशकं आणि अब्जावधी रुपये ओतले. भारतानेही स्वतःच्या स्टेल्थ विमानाचं काम हाती घेतलं आहे. ‘अ‍ॅम्का’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रगत मध्यम लढाऊ विमानाच्या विकासासाठी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. या रकमेत पाच नमुना विमानं बनवायची आहेत.

या प्रकल्पाबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘पहिलं उड्डाण कधी?’ आकडे शेजारी-शेजारी मांडले की लक्षात येतं, खरी परीक्षा पहिल्या उड्डाणानंतर सुरू होते. आणि नेमक्या त्याच टप्प्यात आपला आजवरचा वेग सगळ्यात कमी आहे.

चौथ्या घाताचं गणित

विमान रडारला किती मोठं भासतं त्याचं माप चौरस मीटरमध्ये सांगतात; त्याला रडार क्रॉस सेक्शन म्हणतात. रडारची लहर विमानापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते आणि आदळून परत येताना पुन्हा तेवढीच क्षीण होते. त्यामुळे रडारचा पल्ला आणि हे माप यांचं नातं चौथ्या घाताचं आहे. पल्ला निम्मा करायचा तर माप १६ पटींनी घटवावं लागतं. पाव करायचा तर २५६ पटींनी. एक दशांश करायचा तर १०,००० पटींनी.

दहा चौरस मीटरचं माप एका चौरस मीटरवर आणलं, दहापट घट केली, तरी पल्ला जेमतेम ४४ टक्क्यांनी कमी होतो. खरा फायदा हवा असेल तर माप चौरस मीटरच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंत न्यावं लागतं. या पातळीवर विमानाचा मुख्य आकार अचूक असून भागत नाही. वर आलेला एक स्क्रू, नीट न बसलेलं झाकण, दोन पत्र्यांमधली रुंदावलेली फट, यांतलं काहीही एकटं संपूर्ण विमानापेक्षा मोठं दिसू शकतं. त्यामुळे स्टेल्थ विमानाचं आरेखन कागदावर जमलं तरी ते कारखान्यात प्रत्येक विमानाच्या बाबतीत तसंच्या तसं उतरावं लागतं.

या शास्त्राचा पाया सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये घातला. विद्युतचुंबकीय लहरी कडांवरून कशा विखुरतात याचं त्यांचं गणित अमेरिकेत लॉकहीडच्या अभियंत्यांच्या हाती लागलं आणि डिसेंबर १९७७ मध्ये ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान उडालं. त्यातूनच पुढे एफ-११७ हे स्टेल्थ विमान आलं. तेव्हाच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचं गणित झेपत नव्हतं, म्हणून ते विमान सपाट पैलूंचं झालं. आज संगणक ते गणित सोडवतात. गणित मिळण्यातली अडचण बरीच कमी झाली आहे; अडचण उरली आहे ती धातू, रसायनं, इंजिन आणि वेळ यांची.

पोटात शस्त्रं, डोक्यावर काच

बेंगळुरूच्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीने, म्हणजे एडीएने आखलेलं अ‍ॅम्का हे दोन इंजिनांचं, साधारण २५ टन कमाल वजनाचं विमान आहे. पोटातल्या टाक्यांत साडेसहा टन इंधन मावतं. शस्त्रंही पोटातल्या कप्प्यात ठेवायची, कारण पंखांखाली टांगलेलं प्रत्येक क्षेपणास्त्र रडारला आयती खूण देतं. या कप्प्यात सुमारे १,५०० किलो वजन बसतं. पंखांखाली आणखी साडेपाच हजार किलो लादता येतं, पण तसं केलं की स्टेल्थपण संपलं. थोडक्यात, लपून जायचं असेल तर हे विमान आपल्या एकूण क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच दारूगोळा नेऊ शकतं. न दिसण्याची ही पहिली किंमत.

इंजिनाच्या तोंडाशी फिरणारी पाती रडारला ठळक दिसतात. ती लपवण्यासाठी हवा आत नेणारा मार्ग नागमोडी करावा लागतो. पण वळणांतून जाताना हवेचा दाब घटतो आणि इंजिनाला मिळणारा प्रवाह असमान होतो. आकारात जे कमावलं, त्यातलं काही इंजिनापाशी गमवावं लागतं.

वैमानिकाच्या डोक्यावरच्या छत्रीचं, म्हणजे कॅनपीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. साधी काच रडार लहरींना आत येऊ देते. आतली खुर्ची, उपकरणं, खुद्द वैमानिकाचं शिरस्त्राण या सगळ्यांवरून त्या लहरी उसळून परत जातात. म्हणून कॅनपीवर पारदर्शक पण वीजवाहक असा अतिशय पातळ थर चढवतात. तिकडे संकटकाळी वैमानिकाची खुर्ची उसळण्याआधी हीच कॅनपी क्षणार्धात फुटायला हवी. तेजस या स्वदेशी लढाऊ विमानासाठी ती यंत्रणा पुण्यातच, पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत घडली. काचेच्या आतून बसवलेली स्फोटक दोरी आधी काच चिरते आणि मग खुर्ची बाहेर पडते. स्टेल्थ विमानात हे दोन्ही एकाच काचेकडून करून घ्यायचं असतं. वरचा थर रडारला अडवेल, वैमानिकाची नजर अडवणार नाही आणि वेळ आली तर काच फुटायलाही अडथळा आणणार नाही. एका भागाच्या या तीन अटी झाल्या. संपूर्ण विमानात असे भाग हजारोंनी असतात.

ताम्हिणीचा पाऊस आणि विमानाची कातडी

२५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पडतो. ज्या हवाई तळांच्या परिसरात दरवर्षी असा पावसाळा येतो, तिथे रडार लहरी शोषणारा लेप किती काळ टिकतो, हा प्रश्न आरेखनाइतकाच महत्त्वाचा आहे. ताशी हजार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे २७८ मीटर वेगाने आदळतो. पंखांची आणि नाकाची पुढची कड त्याने झिजते, आणि रडारच्या दृष्टीने तीच कड सर्वांत नाजूक असते.

दमटपणाचा फटका कसा बसतो याचं उदाहरण अमेरिकेचंच आहे. २३ फेब्रुवारी २००८ रोजी प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर बी-२ हे स्टेल्थ बॉम्बर उड्डाण घेताना कोसळलं. हवेचा दाब मोजणाऱ्या २४ सेन्सरपैकी ३ सेन्सरमध्ये ओल शिरली होती. संगणकाला चुकीची माहिती मिळाली, त्याने विमानाचं नाक नको तेवढं वर उचललं, आणि सुमारे १.४ अब्ज डॉलरचं विमान जळून गेलं. दोन्ही वैमानिक वाचले. याच विमानाच्या लेपांना दमट हवा सोसत नाही, त्यांना तापमान आणि आर्द्रता नियंत्रित असलेले हँगर लागतात, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी १९९७ मध्येच नोंदवलं होतं.

देखभालीचा भार आजही हलका झालेला नाही. एफ-३५ हे जगात सर्वाधिक बनलेलं स्टेल्थ विमान. तरी मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या ताफ्यातली केवळ ५५ टक्के विमानं मोहिमेवर जाण्याच्या स्थितीत होती, असं तिथल्या लेखापरीक्षकांनी सांगितलं. भारतीय हवाई दलाला अ‍ॅम्का पुण्यात, कोकण किनाऱ्याजवळ, ईशान्येत आणि राजस्थानच्या वाळूतही चालवायचं आहे. त्यामुळे लेपाची चाचणी प्रयोगशाळेइतकीच चार महिन्यांच्या खऱ्या पावसातही व्हायला हवी.

विमानापेक्षा महाग इंजिन

या प्रकल्पातला सर्वांत जड आकडा इंजिनाचा आहे. अ‍ॅम्काच्या पहिल्या आवृत्तीत अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची एफ-४१४ ही दोन इंजिनं बसतील. प्रत्येकाचा रेटा ९८ किलोन्यूटन, दोन्ही मिळून १९६. पूर्ण भरलेल्या २५ टनांच्या विमानाचं वजन सुमारे २४५ किलोन्यूटन भरतं. म्हणजे रेटा आणि वजनाचं गुणोत्तर ०.८. दुसऱ्या आवृत्तीत १२० किलोन्यूटनचं इंजिन बसलं तर ते ०.९८ होईल. आफ्टरबर्नर न पेटवता, म्हणजे जादा इंधन न जाळता आणि मागे तापलेला झोत न सोडता ध्वनीपेक्षा जास्त वेगाने उडत राहायचं, तर असं जास्त ताकदीचं इंजिन हवं.

हे इंजिन फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसोबत भारतात विकसित करण्याची दिशा संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केली. त्याच्या खर्चाचा चर्चेत असलेला अंदाज सुमारे ६१,००० कोटी रुपयांचा आहे. १५,००० कोटींच्या विमान-विकासाच्या चौपट रक्कम एकट्या इंजिनाला.

ही रक्कम फुगलेली वाटत असेल तर कावेरीचा इतिहास पाहावा. तेजससाठीच्या कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये ३८२.८१ कोटी रुपये मंजूर झाले. काम ९३ महिन्यांत पूर्ण व्हायचं होतं. खर्चाचा आकडा पुढे २,८३९ कोटींवर गेल्याचं देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने नोंदवलं. ८१ किलोन्यूटन रेट्याचं उद्दिष्ट होतं, हाती आले सत्तरच्या आसपास. २००८ मध्ये कावेरी तेजसपासून वेगळं करण्यात आलं.

अडलं कुठे, हे टर्बाइनच्या पात्यात दिसतं. हाताच्या बोटांएवढं हे पातं ज्या वायूच्या झोतात फिरतं, त्याचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षा जास्त असतं. ते टिकतं ते दोन कारणांनी. त्याच्या पोटात थंड हवेचे मार्ग असतात, आणि संपूर्ण पातं एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, त्यामुळे धातूच्या कणांमधले कमकुवत सांधेच उरत नाहीत. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून तो साचा भट्टीतून अतिशय संथपणे खाली उतरवतात. तळाशी वळणदार अरुंद नळी असते. तिच्यातून अनेक स्फटिकांपैकी एकच वर चढतो आणि तोच पात्यासारखा वाढत जातो. हैदराबादच्या डीएमआरएल या प्रयोगशाळेने एप्रिल २०२१ मध्ये अशी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एचएएल या सरकारी विमान कंपनीला दिली. विद्या हाती आली आहे. आता ती लढाऊ विमानाच्या मोठ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनात आणि मोठ्या संख्येने जमायला हवी.

दुसरी उणीव चाचणीच्या सोयींची होती. इंजिन उडवून पाहण्यासाठी लागणारं खास विमान आपल्याकडे नव्हतं. नोव्हेंबर २०१० मध्ये कावेरी रशियात नेऊन आयएल-७६ विमानावर बसवून तपासावं लागलं. परदेशातल्या चाचणीत दोष सापडला की सुटा भाग आणायचा, पुन्हा तारीख मागायची, पुन्हा जायचं. दुरुस्तीपेक्षा वाट पाहण्यातच महिने जातात.

इंजिनासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची किंमत आपण आत्ताच मोजतो आहोत. तेजस मार्क-१ए साठी ९९ एफ-४०४ इंजिनांचा करार २०२१ मध्ये झाला; त्यातलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं. विमानं हवाई दलाला मिळायला सुरुवात व्हायची होती मार्च २०२४ मध्ये.

पहिल्या उड्डाणानंतरची वर्षं

आता मुख्य आकडे. पहिलं उड्डाण, सेवेत प्रवेश आणि मधला काळ :

एफ-२२ (अमेरिका) : १९९७ ते २००५, आठ वर्षं
एफ-३५ (अमेरिका) : २००६ ते २०१५, साडेआठ वर्षं
सु-५७ (रशिया) : २०१० ते २०२०, जवळपास अकरा वर्षं
जे-२० (चीन) : २०११ ते २०१७, सहा वर्षं
तेजस (भारत, स्टेल्थ नाही) : २००१ ते २०१६, साडेपंधरा वर्षं
अ‍ॅम्का (नियोजन) : २०२८-२९ ते २०३४-३५, सहा वर्षं

नियोजनात धरलेली सहा वर्षं ही यादीतल्या सर्वांत वेगवान देशाची आहेत, आणि आपला स्वतःचा अनुभव त्याच्या अडीचपट आहे. या मधल्या काळात विमानाचा वेग आणि उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात, ध्वनीपेक्षा जास्त वेगात पोटाची दारं उघडून क्षेपणास्त्र सोडून पाहतात, रडारवरची खूण प्रत्यक्ष मोजतात आणि सॉफ्टवेअर पक्कं करतात. एफ-३५ मध्ये सॉफ्टवेअरच्या ८० लाखांहून अधिक ओळी आहेत. एफ-२२ च्या विकास टप्प्यात नऊ विमानं या कामाला होती. आपल्याकडे पाच असतील. पाचांतलं एक जमिनीवर थांबलं तर चाचणीची २० टक्के क्षमता थांबते.

तेजसचा आकडा जसाच्या तसा अ‍ॅम्काला लावणं मात्र अन्याय्य होईल. १९८३ मध्ये तेजसला मंजुरी मिळाली तेव्हा देशात आधुनिक लढाऊ विमान घडवण्याची साखळीच नव्हती. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि उड्डाण नियंत्रण प्रणालीवरचं सहकार्य तुटलं. ते काम कोटा हरिनारायण यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय अभियंत्यांनी पूर्ण केलं. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं तेजस उडवलं. संगणक-नियंत्रित उड्डाण आणि कार्बन तंतूंचे संमिश्र पदार्थ या दोन विद्या तेव्हा कमावल्या गेल्या. तेजसच्या वजनाचा ४५ टक्के भाग अशा संमिश्रांचा आहे. अ‍ॅम्काची सुरुवात शून्यापासून नाही, हे त्या साडेपंधरा वर्षांचं फळ आहे.

पैसा, कारखाना आणि ओझर

पैशाची तुलना दक्षिण कोरियाशी करावी. त्यांच्या केएफ-२१ विमानाच्या विकासाचा खर्च आठ लाख कोटी वॉनच्या वर, म्हणजे सुमारे सहा अब्ज डॉलर. त्या विमानात अजून शस्त्रांचा अंतर्गत कप्पाही नाही. अ‍ॅम्काचे १५,००० कोटी २०२४ च्या दराने पावणेदोन ते दोन अब्ज डॉलर होतात. भारतात मनुष्यबळ स्वस्त पडतं हे खरं, पण चाचणीची उपकरणं आणि कच्चा माल जागतिक भावानेच येतो. २०२५-२६ मध्ये संरक्षणाची एकूण तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची होती आणि त्यातली संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची २६,८१७ कोटींची, म्हणजे चार टक्क्यांहूनही थोडी कमी.

गरज किती आहे हेही आकडेच सांगतात. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १८ विमानं धरली तर तूट २३४ विमानांची. अ‍ॅम्काच्या सात स्क्वाड्रन, म्हणजे सुमारे १२५ विमानं घेण्याचा विचार आहे. २०३५ पासून वर्षाला आठ विमानं बनली तर शेवटचं विमान २०५० मध्ये येईल. सोळा बनली तर २०४२ च्या सुमारास.

कारखान्याच्या या गणितात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. पुढे इथेच २२२ सुखोई-३० एमकेआय विमानं बनली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. या साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. कावेरीच्या घराण्यातल्या इंजिनाची आठ मॉड्यूल बनवण्याचं काम विक्रोळीच्या गोदरेजला २०२२ मध्ये मिळालं. मे २०२५ मध्ये सरकारने अ‍ॅम्काची निर्मिती खासगी आणि सरकारी कंपन्यांसाठी स्पर्धेने खुली केली, तेव्हा पुण्याची भारत फोर्ज बीईएमएल आणि डेटा पॅटर्न्स या कंपन्यांना सोबत घेऊन स्पर्धेत उतरली. काम कुणालाही मिळो, सुट्या भागांची मागणी पुणे-नाशिक पट्ट्यातल्या लहान कारखान्यांपर्यंत येणार. त्यांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करण्याची सवय आहे. त्यांना हवी आहे ती खात्रीची, कित्येक वर्षांची मागणी. वर्षाला आठ विमानांच्या भरवशावर कुणी कोट्यवधींचं यंत्र घेणार नाही.

मागण्यासारखे आकडे

हा प्रकल्प व्हायलाच हवा. दुसऱ्याचं स्टेल्थ विमान विकत घेतलं तरी त्याच्या सॉफ्टवेअरची किल्ली आणि लेपाचं रसायन विकणाऱ्याकडेच राहतं. रशियासोबतच्या संयुक्त विमानाचा अनुभव आपल्यापाशी आहे. २०१० मध्ये प्राथमिक आरेखनासाठी २९.५ कोटी डॉलरचा करार झाला, आणि २०१८ मध्ये भारत त्यातून बाहेर पडला.

म्हणून नागरिक म्हणून आपण अचूक आकडे मागायला हवेत. इंजिनाच्या उड्डाण-चाचणीची सोय देशात कोणत्या वर्षी होणार? पाच नमुना विमानांची संख्या सात किंवा आठ करायला किती खर्च येईल आणि त्याने किती वर्षं वाचतील? लेप किती पावसाळे टिकला? कारखान्याची साखळी वर्षाला सोळा विमानांची असेल की आठांची? हे आकडे दरवर्षी संसदेपुढे आले तर उशीर लपणार नाही, तो लवकर सापडेल आणि वेळेत दुरुस्त होईल. कावेरीच्या बाबतीत हिशेब समोर आला तो वीस वर्षांनी, कॅगच्या अहवालातून. अ‍ॅम्काचा हिशेब काम चालू असतानाच मांडला जावा, कारण त्यातल्या चुका सुधारायला लागणारे अभियंते, कारागीर आणि वैमानिक आज कामावर आहेत.